घरबसल्या पाहिलेले चित्रपट आणि आपले मत

चित्रपट ‘पाहावयास जाणे’ हा शब्दप्रयोग घरातील वडीलमंडळींच्या तोंडी अजून ऐकू येतो. मुलांच्या तोंडी तो आता फारसा नाही. त्यांच्या बोलण्यात चित्रपट ‘लागतो’, आणि तो घरातच लागतो. फरक लहान दिसला तरी त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा प्रवास आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. तेव्हा चित्र पाहण्यासाठी माणसास घर सोडून बाहेर पडावे लागे, तिकीट काढावे लागे आणि अनोळखी माणसांच्या शेजारी काळोखात बसावे लागे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि मराठी पडदा घरात येण्याचा आरंभ झाला. जानेवारी १९८७ मध्ये रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या ओसरीवर सारी गल्ली जमत असे, हे वडीलमंडळी आजही कौतुकाने सांगतात. तीच मालिका मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत पुन्हा दाखविण्यात आली; त्या वेळी मात्र जो तो आपापल्या दाराआड बसून ती पाहत होता. आणि आता तर एकाच खोलीतील चार माणसे चार मोबाइलांवर चार निरनिराळी चित्रे पाहताना आढळतात.

पडदा घरात आला, त्याबरोबर मत देणाराही बदलला. पूर्वी चित्रपटावर मत देणे हे वृत्तपत्रांतील परीक्षकांचे काम समजले जाई. पिटातील प्रेक्षक शिट्टी वाजवून किंवा उठून जाऊन आपले मत कळवीत असे, ही गोष्ट वेगळी. आता घरातील प्रत्येक जण परीक्षक झाला आहे. आमच्या मते हे चांगलेच झाले. परंतु तिकिटाला पैसे मोजलेला माणूस ‘पैसे वसूल झाले की नाही’ एवढा तरी विचार करून बाहेर पडत असे. घरी बसल्या जागी बटण दाबले की चित्रपट सुरू, पुन्हा दाबले की बंद. जे सहज मिळते त्यावर मतही सहज दिले जाते. असे मत बहुधा दुसऱ्याचेच असते आणि आपण ते केवळ पुढे सरकवीत असतो. मुलांचे स्वतःचे मत कसे तयार होते, हे पाहण्यासाठी हा लेख आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमच्या वर्गातील मुलांस एक काम नेमून दिले होते. घरी जे काही पाहाल, मग तो चित्रपट असो वा मालिका, त्यावर वहीत चार ओळी लिहावयाच्या. चित्रपट कोणता, भाषा कोणती, याचे काही बंधन नव्हते. वह्या परत आल्या तेव्हा त्यांत ‘एक नंबर’ आणि ‘बोर’ या दोन शब्दांचेच राज्य होते. मधली सारी जागा रिकामी! परंतु पाने उलटता उलटता काही ओळी अशा सापडल्या की त्यांनी आम्हांसच विचार करावयास लावले. त्यांतील काहींवर येथे लिहीत आहोत. मुलांची नावे मुद्दामच दिलेली नाहीत.

प्रथम ‘सैराट’. नागराज मंजुळे यांच्या या २०१६ सालच्या चित्रपटावर एका मुलाने लिहिले होते, “पहिला अर्धा एक नंबर, दुसरा अर्धा बोर.” हे मत ऐकून हसणारे हसतील. पण आमच्या मते या मुलाने पाहिले ते अगदी बरोबर पाहिले. एवढेच की जे पाहिले त्याला त्याने दोष म्हटले. या चित्रपटातील गाणी पूर्वार्धातच आहेत. विहीर, उसाचे मळे, मोटारसायकल, नाचणारी पोरे, सारे पूर्वार्धात. उत्तरार्धात ती दोन मुले घर सोडून परक्या शहरात जातात. तेथे गाणे नाही, भाषा ओळखीची नाही, राहावयास धड जागा नाही. प्रेक्षकाला करमेनासे व्हावे अशीच दिग्दर्शकाची योजना आहे, कारण त्या दोघांनाही तेथे करमत नाही. शेवटच्या क्षणांत तर आवाजच काढून घेतला आहे. तेव्हा ‘बोर’ हा शब्द लिहून थांबण्याऐवजी ‘मला येथे बोर का झाले?’ असा प्रश्न त्या मुलाने स्वतःस विचारला असता, तर चित्रपटाचे मर्म त्याच्याच हाती लागले असते. तो मर्माच्या उंबरठ्यापर्यंत आला होता हे काय थोडे झाले?

‘एक नंबर’ या शब्दाचीही तीच गत. सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ सालचा चित्रपट. आजच्या नववीतील मुलांचे आईबापही तेव्हा लहान होते किंवा जन्मले नव्हते. तरी जवळजवळ प्रत्येक वहीत त्याचे नाव होते आणि प्रत्येक वहीत कारण एकच होते : “हसून हसून पोट दुखले.” पोट का दुखले? डोक्यावर पदर घेतलेला पुरुष पाहून, असे उत्तर कोणीही देईल. पण स्त्रीवेष घेतलेले पुरुष कितीतरी नाटकांत व चित्रपटांत येतात आणि त्यांना पाहून आपण दुसऱ्या मिनिटाला कंटाळतो. येथे हसू टिकते ते रचनेमुळे. पुण्यात भाड्याची खोली हवी, खोली मिळण्यास बायको हवी, म्हणून एक खोटे. ते खोटे झाकण्यास दुसरे. दुसरे झाकण्यास तिसरे. प्रत्येक नवे पात्र दारात आले की आपल्याला ठाऊक असते की आता कोणते खोटे उघडे पडणार. घरमालकिणीला ते ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक असणे आणि तिला ठाऊक नसणे, या दोहोंमधील अंतरात हसू पिकते. ही कथा मूळ मराठी नव्हे. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ या १९६६ सालच्या हिंदी चित्रपटावर ती बेतलेली आहे. पण अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी ती अशी काही आपलीशी केली की तिचे मूळ विचारावे असे कोणास वाटत नाही.

काही मुलांनी पाहिलेल्या चित्रपटांबरोबरच न पाहिलेल्यांवरही मत दिले होते! “संत तुकाराम लागला होता. जुना, काळापांढरा होता म्हणून बघितला नाही.” प्रभात कंपनीचा हा चित्रपट १९३६ सालचा. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला, विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांचे काम केले आणि १९३७ साली व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. या गौरवासाठी तो पाहावा असे आमचे म्हणणे नाही. तुकोबांच्या बायकोसाठी तो पाहावा. गौरी या अभिनेत्रीने ती उभी केली आहे. नवरा विठ्ठलात रमलेला, घरात दाणा नाही, मुले भुकेली. ती चिडते, नवऱ्याला बोलते, विठ्ठलालाही सोडत नाही, आणि तरी नवऱ्याला भूक लागली असेल म्हणून भाकरी घेऊन त्याच्यामागे डोंगर चढते. संताच्या चित्रपटात संसार करणाऱ्या बाईची बाजू एवढ्या प्रेमाने मांडलेली पाहून आजही नवल वाटते. वह्यांत असा चित्रपट पुढे पाहून लिहिणारा एखादा जरी निघाला असता तरी आम्हांस आनंद झाला असता. काळापांढरा हा रंग पहिली दहा मिनिटे जाणवतो. पुढे डोळा विसरतो. ज्यांस खरे वाटत नसेल त्यांनी घड्याळ लावून पाहावे.

आता घरी पाहण्याच्या एका अडचणीकडे वळू. नागराज मंजुळे यांचाच ‘फँड्री’ हा चित्रपट २०१४ च्या फेब्रुवारीत सर्वत्र प्रदर्शित झाला. त्याविषयी एका मुलीने लिहिले, “शेवट कळला नाही. मुलगा दगड कोणाला मारतो?” आम्ही तिला विचारले की चित्रपट कसा पाहिलास? उत्तर असे : अर्धा दुपारी पाहिला, मग पाहुणे आले, उरलेला रात्री पाहिला, पण मध्येच वीज गेली, अगदी शेवट दुसऱ्या दिवशी भावाच्या मोबाइलवर. तीन तुकडे, तीन पडदे! चित्रगृहात काळोख असतो तो केवळ चित्र स्पष्ट दिसावे म्हणून नव्हे. दुसरे काही दिसू नये म्हणूनही असतो. घरात ही सोय नाही. दारावरची घंटा, कुकरची शिटी, धाकट्याचा अभ्यास, शेजारच्या काकूंची हाक, हे सारे चित्रपटाच्या मध्ये येते आणि आपण म्हणतो, चित्रपटच समजण्यासारखा नव्हता.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दगडात शोधून सापडावयाचे नाही. ते थोडे अलीकडे आहे. जब्या या शाळकरी मुलाच्या घरच्यांना गावातील डुकरे पकडण्याचे काम करावे लागते आणि तेही शाळेजवळ, वर्गातील मुलांच्या डोळ्यांदेखत. गाव जमून हसत असते. डुक्कर हाती लागणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्याचे सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर आरामात त्यांच्यापुढून निघून जाते. हे दृश्य पाहून आपण क्षणभर हसतो. पुढे शेवटी जब्या जो दगड भिरकावतो तो थेट पडद्याबाहेर, आपल्या दिशेने येतो. मग आपल्याला आठवते की आपणही हसलो होतो. घरातील खुर्चीवर चहाचा पेला हातात धरून बसलेल्या माणसाला तो दगड लागणे कठीण. परंतु जो सलग पाहील त्याला लागेल. त्या मुलीने हा चित्रपट पुन्हा एका बैठकीत पाहिला. नंतर तिच्या वहीत एकच ओळ होती : “मी हसले नव्हते, पण बाकीचे हसत होते तेव्हा गप्प बसले असते.” परीक्षण म्हणजे याहून अधिक काय असते?

मालिकांविषयी लिहिताना मात्र थोडे जपून लिहावे लागते, कारण घरातील आजीबाई हे वार्षिक वाचणार आहेत. कित्येक वह्यांत एकच तक्रार होती : “आजी रोज तीच मालिका बघते. त्यात काहीच होत नाही. एकच गोष्ट तीनदा दाखवतात.” तक्रार खरी आहे. परंतु तिचे कारण कोणी शोधले नव्हते. ते समजून घेण्यासारखे आहे.

दररोजची मालिका अर्ध्या तासाची म्हटली तरी प्रत्यक्ष कथेला साधारण बावीस मिनिटे मिळतात. उरलेला वेळ जाहिरातींचा. तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिरात नसावी असा नियम आहे. जाहिरातीचा दर ठरतो तो ‘टीआरपी’ नावाच्या आकड्यावर. निवडलेल्या काही घरांत एक यंत्र बसवितात, त्या घरात कोणता कार्यक्रम किती वेळ पाहिला गेला याची नोंद ते ठेवते, आणि त्या नोंदींवरून सर्वांचा अंदाज बांधतात. भातावरून शिताची परीक्षा नव्हे, शितावरून भाताची, तसेच हे. आकडा चांगला असला की मालिकेला संपण्याची परवानगी नसते आणि आकडा पडला की कथा अर्धवट असली तरी चालत नाही. म्हणून चालत्या मालिकेत लग्न मोडते, मोडलेले जुळते, मेलेला माणूस परततो. दोष लेखकाच्या बुद्धीपेक्षा या व्यवस्थेत अधिक आहे.

परंतु ‘एकच गोष्ट तीनदा’ याचे खरे कारण आमच्या वडगावातच सापडेल. वडगाव, खासबाग, शहापूर हा विणकरांचा भाग. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत टीव्ही, अशी घरे येथे पुष्कळ. माग चालू असला म्हणजे शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. कांडी भरता भरता, भाजी चिरता चिरता, पोळी लाटता लाटता घरातील बायका मालिका पाहतात, किंबहुना ऐकतात. नजर हातातल्या कामावर, कान टीव्हीकडे. मालिका ही अशा श्रोत्यांसाठी केलेली असते. म्हणून तिच्यातील प्रत्येक पात्र मनात आलेले मोठ्याने बोलून दाखवते, म्हणून धक्का बसला की तीन वेळा ढोल वाजतो, म्हणून कालची गोष्ट आज पुन्हा सांगतात. चित्रपट पूर्ण लक्ष मागतो आणि मालिका उरलेसुरले लक्ष घेऊन समाधान मानते. दिवसभर राबणाऱ्या माणसाजवळ तेवढेच उरलेले असते. नातवंडांनी आजीला हसण्यापूर्वी एक दिवस तिची सारी कामे करून मग संध्याकाळी सलग दोन तासांचा चित्रपट पाहून दाखवावा.

मात्र यावरून सगळ्या मालिका सारख्याच असेही कोणी समजू नये. दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’ या लेखनावर आधारलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही केदार शिंदे दिग्दर्शित मालिका २००१ साली सुरू झाली. घरातील आबा, त्यांचा मुलगा, सून आणि नातवंडे एवढीच माणसे. कट नाही, कारस्थान नाही, विष नाही. मध्यमवर्गीय घरातील लहानसहान प्रसंग एका भागात सुरू होऊन त्याच भागात मिटत. आजही जुने भाग कोणी लावले तर आजी आणि नातू दोघेही एका सतरंजीवर बसून पाहतात. हा अनुभव दोन-तीन वह्यांत सापडला. त्याच्याही आधी, मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात, प्रभावळकरांनीच चिं. वि. जोशी यांचा चिमणराव पडद्यावर आणला होता.

रडण्याविषयी थोडे. “श्वास बघून रडू आले म्हणून चांगला,” असे एकीने लिहिले. मालिकेतही रोज रडू येते, मग तीही चांगली का? संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला २००३ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, हा मान ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीकडे आला. कोकणातून आलेल्या लहान मुलाला डोळ्याचा कर्करोग आहे. जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला एक दिवस दवाखान्याबाहेर घेऊन जातात, त्याने जग पाहून घ्यावे म्हणून. अरुण नलावडे यांनी केलेले आजोबा या चित्रपटात रडण्यापेक्षा धावपळ अधिक करतात : कागद कोठे द्यावयाचा, डॉक्टर कधी भेटणार, पोराला सांगावयाचे कसे. पात्र रडत नाही तेव्हा रडण्याचे काम आपल्यावर येते. मालिकेत पात्र इतके रडते की आपल्याकडे काही उरत नाही. ‘रडू आले’ असे लिहिताना कोण आधी रडले, पडद्यावरचा माणूस की आपण, एवढे नोंदविले तरी पुष्कळ कळेल.

सर्व वह्यांत आम्हांस सर्वाधिक आवडलेली ओळ ‘एलिझाबेथ एकादशी’वरील होती. परेश मोकाशी यांचा २०१४ चा हा चित्रपट पंढरपुरात घडतो. वडील नाहीत, आई यंत्रावर लोकरीचे विणकाम करून दोन मुलांना वाढवते, कर्जाचे हप्ते थकतात आणि यंत्र जाते. ते सोडवण्यासाठी वडिलांनी बनविलेली ‘एलिझाबेथ’ नावाची सायकल विकावी लागणार, म्हणून मुले एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात. एका विणकराच्या मुलाने लिहिले होते, “आमचा माग बंद असला की आई पण तशीच जास्त कामे काढते. डबे घासते. पिक्चरवाल्यांना हे कोणी सांगितले?” या मुलाने कोणताही पारिभाषिक शब्द वापरला नाही. पण आपल्या घरातील गोष्ट आणि पडद्यावरची गोष्ट एकमेकींशेजारी ठेवून त्याने पडताळून पाहिली. परीक्षकाजवळ ज्ञान असते, अभ्यास असतो. परंतु वडगावातील बंद माग त्याने पाहिलेला नसतो. तेथे या मुलाचे मत परीक्षकाच्या मतापेक्षा वजनदार आहे.

यावरून आम्ही एका नाजूक गोष्टीकडे येतो. एका वहीत होते : “त्यातली माणसे आपल्यासारखी बोलतात, म्हणून खूप हसलो.” कोल्हापूरकडील बोलीत बोलणाऱ्या एका मालिकेविषयी ही ओळ होती. आपल्यासारखे बोलणे हे हसण्याचे कारण व्हावे, हे वाचून आम्ही काही वेळ वही मिटूनच ठेवली. आमच्या भागातील मुले ‘काय करायलास?’, ‘जायलोय की’ असे बोलतात. मराठीत कानडीची वळणे येतात, शेजारणीशी कानडी, दुकानात हिंदी. सीमेवरच्या माणसाची भाषा अशीच असणार. पडद्यावर मात्र नायक, डॉक्टर, शिक्षक पुण्याची मराठी बोलतात आणि आपल्यासारखे बोलणारा बहुधा गडी, पैलवान किंवा विनोदापुरता आलेला असतो. रोज हे पाहिले की मुलाच्या मनात आपोआप एक क्रम लागतो आणि वर्गात उभे राहून बोलावयाची वेळ आली की तो गप्प बसतो. आमचीही घरची बोली कोकणी असल्यामुळे ही गोष्ट आम्हांस पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेत मालवणी ऐकू आली, तेव्हा आमच्या घरात भुताच्या भीतीपेक्षा आपले शब्द टीव्हीवर आल्याचा आनंद मोठा होता.

ही कोंडी फोडणारे चित्रपटही आहेत. राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ २००९ सालचा. तो मोठ्यांनी पाहावयाचा आहे, मुलांनी थोडे थांबावे. देवीला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींच्या आयुष्याची ही कथा. मागे आहे ती यल्लम्मा, जिचा सौंदत्तीचा डोंगर आमच्याच बेळगाव जिल्ह्यात आहे. कर्नाटकात देवदासी सोडण्यास बंदी करणारा कायदा १९८२ सालीच झाला. चित्रपटातील माणसे सीमाभागाच्या बोलीत बोलतात आणि तेथे कोणास हसू येत नाही, कारण त्या बोलीत दुःख बोलले जाते. उपेंद्र लिमये यांना या कामासाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. गोव्याचे लक्ष्मीकांत शेटगावकर यांचा ‘पल्टडचो मुनिस’ हा कोकणी चित्रपटही २००९ सालचाच. महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात घाटातील जंगलात एकटा राहणारा वनरक्षक आणि त्याला सापडलेली वेडसर बाई, एवढीच मुख्य माणसे आहेत. बाईचे काम वीणा जामकर या मराठी अभिनेत्रीने केले आहे. टोरांटोच्या महोत्सवात या चित्रपटाला समीक्षकांचे पारितोषिक मिळाले. तेथील परीक्षकांना कोकणी येत नसणार. तरी त्यांना माणूस कळला.

लहान मुलांसाठी आमची शिफारस ‘मालगुडी डेज’ची. आर. के. नारायण यांनी कथा इंग्रजीत लिहिल्या. कानडी दिग्दर्शक शंकर नाग यांनी १९८६ च्या सुमारास त्या हिंदीत चित्रित केल्या. चित्रीकरण झाले शिवमोग्गा जिल्ह्यातील आगुंबे येथे. स्वामीच्या वडिलांचे काम गिरीश कर्नाड यांनी केले, आणि आमच्या घरांत ती पाहिली गेली मराठीत हसून. शंकर नाग यांनी उमेदवारीचा काळ मुंबईच्या मराठी रंगभूमीवर काढला होता, हेही येथे सांगावेसे वाटते.

घरातील मतभेदाचे एक उदाहरण मुद्दाम शेवटी ठेवले आहे. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३ साली आला आणि १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. वनमाला आई, माधव वझे श्याम. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी त्याच पुस्तकावर नवा चित्रपट आणला. त्यात ओम भूतकर यांनी साने गुरुजींचे काम केले आणि चित्रपट हेतुपुरस्सर काळापांढरा ठेवण्यात आला. एका घरात आजी आणि नववीतील नात यांनी दोन्ही चित्रपट लागोपाठच्या रविवारी पाहिले आणि दोघींचे भांडण झाले. नातीने ते वहीत पानभर उतरवून आणले. तिचे म्हणणे असे की, जुन्या चित्रपटात रंग नव्हता कारण तेव्हा तो परवडत नव्हता. आज रंग आहे, तर आमच्यासाठी सांगितलेली गोष्ट आमच्या काळच्या रंगात का नाही? आजीचे म्हणणे असे की, रंग असता तर कोकणातील हिरवी झाडी आणि लाल माती पाहतच बसली असतीस, आईच्या तोंडाकडे कधी बघितले असतेस? नातीने यावर लिहिले आहे, “मग माझी आई रंगीत आहे तरी मी तिच्याकडे बघते ते कसे?” आजीने त्याला उत्तर दिले की नाही, ते वहीत नाही, पान तेथेच संपले आहे.